बदली येईपर्यंत

इंद्रजीतचा फोन बंद लागायला लागला, तेव्हापासून हिवराळ्यांच्या घरात कुणालाच एका जागी बसवेना.

इंद्रजीत लष्करात होता. उत्तरेला, डोंगरातल्या कुठल्याशा चौकीवर. नक्की कुठं, ते त्यानं घरी कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगायची परवानगीही नव्हती. सीमेवर गडबड सुरू झाली तसा त्याचा शेवटचा फोन आला. "आता काही दिवस बोलणं होणार नाय. काळजी करू नका," एवढंच म्हणाला, आणि आईनं "जेवतो ना नीट?" असं विचारेपर्यंत फोन कट झाला.

त्याचे वडील मोतीराम छावणीत पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होते, आता निवृत्त. ते सकाळी उठल्याबरोबर टीव्ही लावायचे. बातम्या देणारा ओरडायचा, मागं विमानं उडायची, नकाशावर लाल बाण सरकायचे. मोतीराम खुर्चीच्या कडेवर बसून बघायचे, मधेच उठून दारापर्यंत जायचे, परत यायचे. दुपारी ऊन असो काही असो, गाडी काढून छावणीत जायचे. तिथल्या जुन्या ओळखीच्या लोकांना काही कळलंय का म्हणून विचारायचे. कुणाला काही कळलेलं नसायचं. चहा पिऊन ते परत यायचे आणि पुन्हा टीव्ही.

"अहो, बंद करा ते," गीताबाई आतून म्हणायच्या. "त्याला ओरडायचा पगार मिळतो. आपल्याला काय मिळतं?"

पण टीव्ही बंद झाला की त्याच बाहेर येऊन विचारायच्या, "काय म्हणत होता तो? कुठल्या डोंगराचं नाव घेतलं?"

त्यांनी कुरडयांसाठी गहू भिजत घातले होते. रोज पाणी बदलायचं असतं. त्या विसरल्या. आठवण झाली तेव्हा सगळ्या घरात आंबूस वास सुटला होता. सगळं पातेलं त्या गटारीत ओतायला निघाल्या. लेकीनं, रूपालीनं, पातेलं हातातून घ्यायला हात पुढं केला, तर त्यांनी तो कोपरानं बाजूला सारला.

रूपाली इंद्रजीतपेक्षा तीन वर्षांनी मोठी. शहरातल्या औरंगपुऱ्यात कानाच्या तपासणीचं एक सेंटर होतं, तिथं ती काम करायची. काचेची खिडकी असलेल्या छोट्या बंद खोलीत पेशंटला बसवायचं, कानाला हेडफोन लावायचा, हातात बटण द्यायचं. "आवाज आला की दाबा. लई बारीक आला तरी दाबा." बाहेरून ती एकेक आवाज सोडायची आणि कुठल्या आवाजाला बटण दाबलं जातंय ते बघायची. हे काम तिला आवडायचं. त्या खोलीचं दार लावलं की औरंगपुऱ्याचा सगळा गोंगाट, हॉर्न, रिक्षा, भाजीवाले, एका झटक्यात पुसला जायचा.

पण त्या दिवसांत तिचं लक्ष लागत नव्हतं. खिशातला फोन वाजल्यासारखा वाटायचा. काढून बघावं तर काही नाही. परत ठेवला की परत वाजल्यासारखा.

एका सकाळी आवडाबाई नावाच्या म्हाताऱ्या पेशंट आल्या होत्या. त्यांचा मुलगा पुंजाराम बाहेर बाकावर बसला. रूपालीनं हेडफोन लावून दिला, दार ओढून घेतलं आणि खुर्चीत येऊन बसली. तिनं अजून एकही आवाज सोडला नव्हता, तर खिडकीतून आवडाबाई बटण दाबताना दिसल्या. परत दाबलं. परत.

तिनं दार उघडलं. "मावशी, आवाज आला का?"

"नाय बाई," आवडाबाई म्हणाल्या. "पन येऊन गेला आन् मला कळलाच नाय, असं नको व्हायला. म्हनून दाबलं."

"आवाज आल्यावरच दाबायचं. घाई नाही. मी थांबलेय."

"तू थांबली गं. पन माझा जीव थांबत नाय ना."

रूपाली हसली, दार लावलं आणि नव्यानं तपासणी सुरू केली. पण ते वाक्य दिवसभर तिच्या डोक्यात राहिलं.

त्या संध्याकाळी त्यांच्या पुंडलिकनगरात नळाला पाणी यायचं होतं. पाणी आठवड्यातून एखाद्या वेळी येतं, आणि कधी येईल ते कुणीच खात्रीनं सांगू शकत नाही. त्यामुळे ज्या दिवशी यायचं असतं त्या दिवशी गल्लीत जो तो नळाकडं कान लावून असतो. मोटारीची वायर शोधायला रूपाली इंद्रजीतच्या खोलीत गेली. कॉम्प्युटरवर आईनं धूळ बसू नये म्हणून जुनी चादर टाकली होती. टीव्हीचा आवाज या खोलीत येत नव्हता. ती खुर्चीत टेकली, आणि तिला उठावंसं वाटेना.

इंद्रजीतला भरती होण्याआधीपासून गेम खेळायचा नाद होता. सुट्टीवर आला की दोन दिवस झोपायचा आणि मग इथं बसायचा. त्यातला एक गेम त्याला विशेष लाडका होता, 'कोल्ड पिकेट'. तो नुसतं 'पिकेट' म्हणायचा. पिकेट म्हणजे चौकी.

"ताई, तू एकदा खेळून तर बघ. लई भारी गेम आहे. लोकांना कळलाच नाय," तो म्हणायचा.

"लोकांना कळला नाय आन् तुला कळला."

"तसं समज. पाचव्या भागापर्यंत खेळ फक्त. मग बोलू आपण."

"दिवसभर तिकडं बंदूक धरतो, घरी येऊन परत बंदूक धरतो. कंटाळा नाय येत तुला?"

यावर तो काहीतरी सांगायला लागायचा आणि ती भांडी घासायला निघून जायची.

आता तिनं चादर काढली आणि कॉम्प्युटर चालू केला. पासवर्ड तिला माहीत होता. आईचं माहेरचं गाव. गेम सुरू होण्याआधी खाली लोकांचे अभिप्राय दिसत होते. बहुतेक सगळे शिव्याच. शूटिंगचा गेम आणि शूटिंग कुठंय? चालून चालून पाय दुखले. बंदूक सारखी अडकते. कुणीतरी हिंदीत लिहिलं होतं, बर्फातच फिरायचं असेल तर मी मनालीला जाईन.

"रूपा, पाणी आलं का बघ गं," आईनं हाक मारली. आलेलं नव्हतं.

तिनं हेडफोन लावला, कारण घरात गोळ्यांचा आवाज आईला चालत नसे. नवा खेळ सुरू केला.

सुरुवातीला तर तिला चालताच येईना. माउस थोडा हलवला की एकदम आभाळ दिसायचं, नाहीतर स्वतःचे बूट. डोकं गरगरायला लागलं. सेटिंगमध्ये शोधून तिनं सगळं हळू करून घेतलं. मग बर्फाचा डोंगर स्थिर झाला. आपण एका अनोळखी देशातल्या चौकीवर नव्यानं आलेला शिपाई. चौकीवर म्हातारा हवालदार ओरेन आणि मिका नावाचा एक जवान. मिका खोकायचा आणि चालताना त्याचा डावा पाय थोडा घासायचा. ओरेननं पहिल्याच दिवशी शिकवलं : बंदूक अशी पुसायची, स्टोव्ह असा पेटवायचा, आणि अंधारात कुणी आलं तर आधी विचारायचं, 'कोण आहे?' त्यासाठी एक वेगळं बटण होतं. तिनं ते दोनदा दाबून बघितलं. पात्राचा आवाज कापत होता. तो आवाज तिला आवडला.

गोळ्या मोजक्याच होत्या. पळालं की श्वास फुलायचा आणि नेम हलायचा. गोळी झाडली की डोंगरभर आवाज घुमायचा आणि आपण कुठं आहोत ते सगळ्यांना कळायचं. रूपाली पहिल्यांदा मेली ती घाईनं. खंदकातून उगाच बाहेर डोकावली. दुसऱ्यांदाही तसंच. आठव्या-नवव्या खेपेला ती माउसवरचा हात काढून नुसती ऐकत बसली. बर्फावरचं पाऊल वेगळं वाजत होतं, खडकावरचं वेगळं. ओझं घेतलेला माणूस जड पाऊल टाकायचा. दूर कुठं मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा डावीकडून उजवीकडं सरकत गेल्या. कुणी बनवलंय हे, ती मनात म्हणाली. कानाची तपासणी करणाऱ्या बाईला फसवणं सोपं नसतं. इथं कुणीतरी खरोखर बर्फात उभं राहून ऐकलं होतं.

"आलं! पाणी आलं!" गल्लीत कुणीतरी ओरडलं. ती हेडफोन टाकून धावली.

त्यानंतर ती रोज कामावरून आली की खेळायची. मोतीराम टीव्हीसमोर, गीताबाई ओट्यापाशी, ती इंद्रजीतच्या खोलीत. घरात प्रत्येकाला आपापली अस्वस्थता ठेवायला एकेक कोपरा मिळाला होता. गेम सुरू केला की तिला बरं वाटायचं असं नाही. उलट त्या चौकीवर तिची धाकधूक वाढायची. पण इथल्या धाकधुकीला काही करता येत होतं. ऐकता येत होतं. स्टोव्हला रॉकेल घालता येत होतं.

शत्रूची माणसंसुद्धा बोलायची. एकदा दगडाआड लपून तिनं दोघांचं बोलणं ऐकलं. एकजण घरी पोचलेल्या पत्राबद्दल सांगत होता, दुसऱ्याला त्यात रस नव्हता, त्याचे बूट ओले झाले होते. तिनं नेम बरोबर धरला होता. तिनं गोळी झाडली नाही. ते निघून गेले. गेमनं तिला कसलंही बक्षीस दिलं नाही आणि शिक्षाही केली नाही. बर्फ पडत राहिला.

तो पाचवा भाग रविवारी दुपारी आला.

ओरेन जखमी झाला. मिका आणि खालून आलेला एक माणूस त्याला खाली घेऊन निघाले. मिका म्हणाला, "मी बदलीची माणसं घेऊन येतो. तोवर तू थांब." रेडिओवर आवाज आला : बदली निघाली आहे, चौकी सोडू नका. मग रेडिओ बंद पडला.

आणि मग काही झालंच नाही.

रूपाली चौकीत फिरली. स्टोव्ह पेटवला. बंदूक पुसली. तारेवरचा बर्फ झटकला. परत आली. काही नाही. खोलीत कूलर घरघरत होता, खिडकीतून उन्हाची झळ येत होती, आणि तिच्यासमोर नुसता बर्फ. कुठं जायचं ते सांगणारा बाण नाही, किती वेळ राहिला ते दाखवणारा आकडा नाही. तिला वाटलं गेम अडकला. मोबाइलवर शोधलं तर शेकडो लोकांनी हेच लिहिलं होतं : पाचव्या भागात गेम अडकतो, बनवणाऱ्यांनी दुरुस्त करावा. कुणी लिहिलं होतं, चौकी सोडून खाली उतरा म्हणजे शेवट येतो, फालतू शेवट आहे पण येतो.

तिनं चौकी सोडली नाही. का, ते तिला सांगता आलं नसतं. स्टोव्ह विझत आला की पेटवत राहिली. आई चहा घेऊन आली, स्क्रीनकडं बघितलं आणि विचारलं, "हे काय करायलीस?"

"थांबलेय."

"कशासाठी?"

"बदली यायचीय."

गीताबाई कप ठेवून थोडा वेळ मागं उभ्या राहिल्या. पडद्यावर काहीच घडत नव्हतं. तरी त्या लवकर गेल्या नाहीत.

त्या गेल्यावर हेडफोनमध्ये कुठंतरी बर्फ करकरला. रूपाली खुर्चीत पुढं सरकली. परत करकरला. कुणीतरी चढून येत होतं. धुक्यात एक काळी आकृती हलली, हातात काहीतरी लांब होतं, आणि तिच्या बोटानं आपोआप दाबलं.

गोळीचा आवाज डोंगरात घुमत राहिला. आकृती कोसळली. ती जवळ गेली. मिका होता. त्याच्या पाठीवर रॉकेलचा डबा आणि पावाची पिशवी होती.

पडदा काळा झाला.

तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि अंगणात गेली. फरशी तापली होती, पाय पोळत होते, तरी ती नळाशी उभी राहिली. खोटं आहे सगळं, कॉम्प्युटरमधलं आहे, ती स्वतःला सांगत होती. पण तिनं पाय घासल्याचा आवाज ऐकला होता. ऐकला होता आणि तरी दाबलं होतं. तिला आवडाबाई आठवल्या. चुकायला नको म्हणून आधीच दाबणाऱ्या.

त्या दिवशी तिनं परत कॉम्प्युटर लावला नाही. दुसऱ्या दिवशी सेंटरवर एका लहान मुलीची तपासणी करताना ती नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबत होती. सेंटरच्या मॅडमनी विचारलंसुद्धा, "रूपाली, बरं नाही का?" घरी आली तर टीव्हीवर बाण आणखी लांब झाले होते. मोतीराम म्हणाले, "फोन नाही." तिनं विचारलं नव्हतं.

ती खोलीत गेली आणि पाचवा भाग पहिल्यापासून सुरू केला.

या वेळी थांबणं जास्त कठीण गेलं, कारण शेवटी काय आहे ते माहीत होतं. पावलं आली. तिनं माउसवरून बोट उचलून हात मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. एक पाऊल जड. दुसरं घासत. जड, घासत. मग खोकला. तिनं डोळे उघडले आणि ओरेननं पहिल्या दिवशी दाखवलेलं ते बटण दाबलं.

"कोण आहे?" तिच्या शिपायानं विचारलं. आवाज पहिल्या दिवशीसारखाच कापत होता.

धुक्यातून उत्तर आलं, "मिका. मिका आणि बदली. गोळी घालू नकोस रे बाबा."

ते चढून वर आले. मिकाच्या मागं दोन अनोळखी जवान होते. त्यातल्या एकानं तिच्या हातातली बंदूक काढून घेतली आणि म्हणाला, "जा. झोप आता." बस, एवढाच शेवट. संगीत नाही, पदक नाही. आपला शिपाई स्टोव्हजवळ आडवा होतो, आणि डोळे मिटताना बाहेर कुणीतरी फावड्यानं बर्फ सारत असल्याचा आवाज येत राहतो.

रूपाली रडली. गेम खेळून रडताना कुणी बघितलं असतं तर तिला लाज वाटली असती. मग पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी पाटी आली : 'चौकी बदलली.' हा टप्पा इंद्रजीतच्या खात्यावर आज पहिल्यांदा पूर्ण झाला होता. गेम विकत घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी तो गाठला होता, आणि इतकी वर्षं या गेमची तारीफ करणारा तिचा भाऊ त्यांच्यात नव्हता.

ती त्या पाटीकडं बघत बसली. आत्ताच्या आत्ता त्याला फोन करून विचारावं असं तिला फार वाटलं.

फोन करता येत नव्हता म्हणून तिनं अभिप्राय लिहिला. सगळे इंग्रजीत लिहितात; तिनं मराठीत लिहिला, कारण रागात तिला मराठीच सुचत होतं. लिहिलं की गेम अडकत नाही, तुम्ही अडकता. बंदूक सगळ्याच गेममध्ये असते. या गेमनं कान दिलेत, आणि ते तुम्ही वापरत नाही. शेवटी आपलाच माणूस मारायला लावतात म्हणून शिव्या देणाऱ्यांना तिनं सांगितलं, कुणी लावत नाही, विचारायचं बटण पहिल्या दिवसापासून तुमच्याकडं आहे. मी पण विसरले होते, असंही खाली लिहिलं. दोन दिवसांनी त्याखाली कुणा अनोळखी मराठी माणसानं एकच ओळ टाकली होती : परत लावतोय गेम, बघू.

त्याच आठवड्यात इंद्रजीतचा फोन आला. बोलला आईशीच. हो, जेवतो. हो, बरा आहे. आता शांत आहे सगळं. सुट्टी मिळेल. मग मोतीरामांनी फोन हातात घेतला. त्यांनी "जय भीम, बेटा" म्हणून तो परत बायकोच्या हातात दिला.

पाऊसकाळ सुरू व्हायच्या थोडं आधी तो आला. वाळला होता, ओठ फुटले होते. गल्लीच्या तोंडाला त्याच्या फोटोचा फ्लेक्स लागला होता. शेजारच्या ऋतुराजनं सत्काराची तयारी केली होती, हार, नारळ, भाषण. इंद्रजीत हार घालून उभा राहिला, हसला. स्टेजवरून खाली उतरल्यावर ऋतुराजनं खांद्यावर हात टाकून विचारलं, "मग भाऊ, किती टिपले?"

"आमच्या तिकडं तसं काही झालं नाय," इंद्रजीत म्हणाला.

"सांगायचं नसतं, माहितीये आपल्याला," ऋतुराजनं डोळा मारला.

हाच प्रश्न दुकानात, विहारात, नातेवाइकांच्या फोनवर. "काही झालं नाय," तो म्हणायचा, आणि विचारणाऱ्याचं तोंड उतरायचं. तो घरात बसेना. जेवणाच्या ताटावरून उठायचा, गाडी काढायचा, दौलताबादच्या रस्त्याला जाऊन परत यायचा, पुन्हा निघायचा. गीताबाई त्याच्या पाठीमागं बघत राहायच्या. बापानं मात्र काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं, आणि तो घरात असला की टीव्ही बंद असायचा.

एका दुपारी तो चावी शोधत खोलीत आला. रूपाली कॉम्प्युटरवर पिकेट खेळत होती. तो दारात थांबला.

"तू खेळायलीस हे?"

"संपवला," ती म्हणाली. मग हेडफोन काढून म्हणाली, "तू नाय संपवला कधी."

चावी कॉटवर पडलेली होती, ती त्यानं उचलली, परत ठेवली. "मी दर वेळी गोळी घातली, ताई. चार-पाच वेळा तिथपर्यंत गेलो. दर वेळी वाटायचं या खेपेला विचारीन. नाय जमलं."

"मी पण घातली पहिल्यांदा. मिकाला."

"पावाची पिशवी बघितली?"

"व्हय."

तो भिंतीला टेकला. तिनं त्याला खुर्ची दिली नाही, खेळ म्हटलं नाही. तिला जे विचारायचं होतं ते आता अगदी सोपं वाटत होतं.

"तिथं स्टोव्ह होता का रे तुमच्याकडं?"

त्यानं तिच्याकडं बघितलं. किती टिपले, भीती वाटली का, विमानं दिसली का, सगळं विचारून झालं होतं लोकांचं. स्टोव्हचं कुणी विचारलं नव्हतं.

"बुखारी," तो म्हणाला. "रॉकेलवरची. लई धूर करती. सकाळी नाक शिंकरलं की काळं. कितीही धुतलं तरी."

"मग झोपायचे कसे?"

"कोण झोपतंय?" आणि तो खाली फरशीवर, कूलरसमोर बसला. मग बोलत राहिला. धुकं इतकं यायचं की स्वतःचा हात दिसायचा नाही. चार दिवसांत बदली येणार म्हणून सांगितलं होतं, आणि ती आलीच नाही. रोज येणार, रोज नाही. एक कुत्रं यायचं, ते कुणाच्या बाजूचं आहे यावर त्यांच्यात वाद व्हायचे. दगड घरंगळला तरी सगळे उठून बसायचे. काही झालं नाही म्हणजे नुसतं हे झालं, ताई, तो म्हणाला. हेच झालं, सगळा वेळ. आणि हे इथं कुणाला सांगू? हार घालून सांगू?

गीताबाई दारात येऊन उभ्या होत्या. कधी आल्या कळलं नाही. मोतीराम त्यांच्या मागं.

"मग बदली आली कधी?" आईनं विचारलं.

इंद्रजीतच्या तोंडावर एकदम हसू फुटलं. सुट्टीवर आल्यापासून पहिलंच. "माझी पाळी नव्हती तेव्हा. मी झोपलो होतो. एवढे दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि नेमका तेव्हा मेल्यासारखा झोपलो. जाग आली, बघतो तर चौकीत दुसरीच माणसं बसलीत, आन् माझ्या कपात चहा प्यायलीत."

"तुझ्या कपात?" मोतीराम म्हणाले.

"माझ्याच. वर म्हणतात, उठा साहेब, पोचलो आम्ही."

मोतीराम हसायला लागले. ते इतके हसले की गीताबाईंना त्यांच्या पाठीवर थापटावं लागलं, आणि मग त्यांनाही हसू आवरेना. त्या डोळे पुसत ओट्याकडं गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "भाकरी टाकते. जेवल्याशिवाय कुणी गाडीला हात लावायचा नाय."

इंद्रजीत जेवायला बसला. ताटावरून उठला नाही.